दहा वाजून बारा मिनिटांचं रडणं

या ग्रुपवर मी सहा वर्षं आहे, पण लिहितेय पहिल्यांदाच. आजवर माझं काम एवढंच होतं... कुणी अनुभव टाकला की खाली जाऊन विचारायचं, "त्या दिवशी जेवायला काय होतं?" एकीने घरात पैंजण वाजतात असं लिहिलं होतं, तिला मी प्लंबर बोलवायला सांगितलं होतं. तिची आधी माफी मागते. बाकी माझं मत फारसं बदललेलं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण जे झालं ते झालं आहे, आणि ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला राहवत नाहीये.

मी गौरी, वय चौतीस. खराडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी, घर वाघोलीला. नवरा अमेय. सासूबाई आयुष्यभर मंडईजवळ राहिल्या, शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या आणि आता आमच्याकडे असतात. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे सासूबाईंना मी आई म्हणते, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही.

मागच्या वर्षी, लग्नाला सात वर्षं झाल्यावर, मला दिवस राहिले. सगळं सुरळीत होतं, फक्त बाळ शेवटपर्यंत फिरलं नाही. डोकं वर, पाय खाली. डॉक्टर म्हणाल्या, उगाच धोका नको, एकोणचाळिसाव्या आठवड्यात सिझर करून टाकू. मंगळवार ठरला. आई म्हणाल्या, पायाळू म्हणजे सोयच झाली, माझ्या कमरेत उसण भरली की नातवंडाची एक लाथ खाईन. सिझरच्या बाळाला पायाळू म्हणत नाहीत, असं अमेय म्हणाला. त्यावर त्याच्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती नजर अख्ख्या पेठेतली पोरं ओळखून आहेत.

मुहूर्त काढायचा का, असं मावससासूंनी फोनवर विचारलं, तेव्हा याच बाईंनी "डॉक्टरांना सवड असेल तो मुहूर्त" म्हणून फोन ठेवला होता. त्यांची अट एकच होती. जन्मवेळ त्या स्वतः टिपणार. अमेयच्या वेळी नर्सने अंदाजे पावणेपाच लिहून टाकलं, ते त्यांना अजून डाचतं. पहिलं रडणं ऐकू आलं की ती वेळ खरी, असा त्यांचा नियम. मी चिडवलं, की पत्रिकेवर तुमचा विश्वास तरी कुठे आहे. तर म्हणाल्या, "नाहीच. पण लिहायचंच तर बरोबर लिहावं."

मला भीती एकाच गोष्टीची होती, जागं राहण्याची. पोट उघडणार आणि मी टक्क जागी! भुलीच्या डॉक्टर मॅडम आठवडाभर आधी भेटल्या, त्यांनी नीट समजावलं. पाठीत इंजेक्शन देणार, कमरेखाली दुखणार नाही, ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटेल. मग म्हणाल्या, बाळाचं पहिलं रडणं तुम्ही स्वतः ऐकाल, सात वर्षं थांबलात ना त्याच्यासाठी. तो आठवडा मी त्या एका वाक्यावर काढला. रात्री कूस बदलता यायची नाही, पाय सुजून भोपळा झालेले, पण मी मनात तेच घोळवत पडायची... मला ऐकू येणार.

सकाळी सहाला नगर रोडवरच्या त्या हॉस्पिटलात दाखल झालो. आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा बंद होतं. नखांचं पॉलिश काढलं, मंगळसूत्र अमेयच्या खिशात गेलं. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा सुजलेल्या मनगटातून निघेना. वॉर्डातल्या मावशींनी साबण लावून बऱ्याच बांगड्या काढल्या, उरलेल्या दोन रुमाल धरून वाढवल्या. पोटाला पट्टा लावून ठोके बघितले. उत्तम. मागून उघडा असलेला तो गाऊन घालून मी निघाले तेव्हा ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराबाहेर बाकावर आई आणि अमेय शेजारी शेजारी बसले होते. आईंच्या हातात घड्याळ काढून धरलेलं.

आत कडाक्याचा गारठा. मला टेबलाच्या कडेला बसवलं आणि हनुवटी छातीला लावून पाठ वाकवायला सांगितली. एवढ्या पोटावर ते कसं जमणार? सिस्टरने पुढून माझे खांदे धरले. पाठीवर गार स्पिरिट फिरलं. सुई अजून टोचली नव्हती, कुठलंही औषध अंगात गेलं नव्हतं, सलाईनमधलं पाणी सोडलं तर... हे मी मुद्दाम लिहितेय, कारण खाली पहिली कॉमेंट तीच येणार आहे.

तेवढ्यात बाळ रडलं.

लांबून नाही, भिंतीपलीकडून नाही. अगदी जवळ, त्या खोलीतच. मी विचारलं, कुणाचं बाळ आहे? मॅडम म्हणाल्या, "हलू नका. आज इथे पहिलं बाळ तुमचंच." सिस्टरच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग सुई टोचली, पाय गरम झाले, जड झाले आणि माझे राहिले नाहीत. मला आडवं केलं, छातीवर हिरवा पडदा लावला. रडण्याचं मी विसरलेसुद्धा.

पुढचं थोडक्यात लिहिते, सविस्तर लिहिवत नाही. ओढल्यासारखं वाटलं, खूप दाबल्यासारखं वाटलं, पोट हलकं झालं. मी कान लावून होते. काहीच आलं नाही. पडद्यापलीकडे माणसं भराभरा बोलत होती, बाळाचे डॉक्टर आकडे मोजत होते. मी विचारत राहिले, रडत का नाहीये? मॅडमनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

मुलगा होता. नाळेला खरोखरीची गाठ पडलेली होती. अशा गाठी पडतात, बहुतेक वेळा काही होत नाही, ही आवळली. कधी आवळली ते कुणालाच सांगता येईना. सहा दिवस तो काचेच्या पेटीत होता. श्वासाची नळी घशात असते तेव्हा बाळाला रडता येत नाही... तोंड उघडतं, चेहरा गोळा होतो, आवाज नाही. सातव्या दिवशी पहाटे तो गेला. पेटीवरच्या कागदावर तेवढंच नाव होतं, बेबी ऑफ गौरी.

त्यानंतर घरात कुणी कुणाशी बोलेना. आई तर माझ्या खोलीतच येईनात. ताट दाराशी ठेवून जायच्या. मला वाटायचं, मला दोष देतायत. रागही आला होता मला त्यांचा.

महिनाभराने मी पहिल्यांदा फोनवर घरचा ग्रुप उघडला. त्या मंगळवारी सकाळी १०:१४ला आईंचा मेसेज होता. "बाळ झालं. वेळ दहा बारा. आवाज खणखणीत आहे." खाली चाळीस जणांची अभिनंदनं. मी हॉस्पिटलची फाइल काढली. भूल दिली ती १०:१३ला. जन्म १०:३१.

मी स्वयंपाकघरात गेले आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी गॅस बंद केला. त्यांना वाटत होतं, की जन्माच्या आधीच त्यांनी जगाला सांगितलं, त्याचीच दृष्ट लागली. आयुष्यभर असल्या गोष्टींना हसलेली बाई महिनाभर हे पोटात घेऊन फिरत होती. म्हणाल्या, मला भास झाला गं, म्हातारपण. अमेय तेव्हा बाकावर शेजारीच होता, त्याला विचारलं ऐकलंस का, तर तो म्हणाला, नाही.

मी म्हटलं, "आई, मी पण ऐकलं. आत."

मी सांगायला लागले तशी त्यांनी मला अडवलं. "थांब. आता एक अक्षर बोलू नकोस. दोघी कागदावर लिहू, मग बघू."

मला ओट्याशी बसवलं, स्वतः बाहेर गेल्या. परीक्षाच म्हणा ना. मी लिहिलं: तीनदा तोकडं, मधे दम घेतला, मग एक लांब, शेवटी उचकी. मग त्यांनी आपला कागद आणला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार. "तीन आखूड. थांबला. एक लांब. उचकी लागली." शेवटच्या शब्दापुढे पेन तिथेच टेकून राहिल्याचा शाईचा डाग होता. आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसून रडलो.

मग मी भुलीच्या मॅडमना भेटले. मी प्रश्न विचारला होता हे त्यांच्या लक्षात होतं. त्या वेळी मी ओरडून सांगितलं असतं, की हे माझंच बाळ आहे, घाई करा, तर? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी म्हटलं असतं, पेशंट घाबरलीय. आणि सुई दिली असती." तेव्हापासून मी स्वतःला थोडं कमी छळते. थोडंच.

त्या दिवशी सकाळी तिथे दुसरी डिलिव्हरी नव्हती, मी चौकशी केली. जाड दारं, ओटी एकच. माझा पेशा चुका शोधण्याचा आहे आणि या प्रकरणात मला एकही सापडलेली नाही. तुम्हाला सापडली तर जरूर लिहा, मी चिडणार नाही.

सगळ्यात वाईट अमेयचं वाटतं. आईंच्या खांद्याला खांदा लावून बसला होता तो, आणि त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. त्याने मुलाला सहा दिवस पाहिलं, ऐकलं नाही. अधूनमधून, कपड्यांच्या घड्या घालताना वगैरे, तो माझ्याकडे न बघता म्हणतो, एकदा सांग ना. मी सांगते, तीन तोकडी, मग एक लांब. तो शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि दर वेळी तेच विचारतो, "मोठ्याने रडला ना पण?"

मी म्हणते, "हो रे. चांगला मोठ्याने."