काकांकडून तोलून घे

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. आमच्या जुन्या जालन्यात पाणी आलं की घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकायचं, आणि आमच्या घरात सगळे म्हणजे आम्ही दोघंच. मी खाली मोटारीच्या बटणापाशी, ती वर गच्चीवर टाकीपाशी. गुडघ्यांमुळं मला जिना चढवत नाही, म्हणून वरचं काम तिचं. टाकी भरली की ती वरून आवाज द्यायची आणि मी बटण बंद करायचो. त्या दिवशी मला जरा उशीर झाला, पाणी गच्चीवरून खाली अंगणात सांडलं. "कानात बोळे घातलेत का मापाडी?" म्हणत ती पदराला हात पुसत खाली आली. आम्ही चहा घेतला. पाणी भरून झालं म्हणून दोघं खूश होतो… आणि दुपारचं जेवण व्हायच्या आत ती गेली.

महिना उलटून गेला, तरी हे वाक्य मला खरं वाटत नाही. मी सगळा जन्म मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून काट्यापाशी उभा राहून काढला. काटा जिथं थांबंल तो आकडा ओरडून सांगायचा, मंग शेतकऱ्याला राग येवो की अडत दुकानदाराला. इतकी वर्षं तेच केलं. पण त्या दिवशी काटा कुठं थांबला, ते मला अजून वाचता येईना.

माझी बायको सुमन. गल्लीतले सगळे तिला बाई म्हणायचे, चिडवायचं असलं की मीही बाईच म्हणायचो. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, रिटायर झाल्यावर घरी क्लास घ्यायला लागली. मी चौथीपर्यंत शिकलो. आमचं लग्न झालं तेव्हा ती मॅट्रिक झालेली होती आणि पुढं शिकायचं म्हणत होती. माझी ना नव्हती. ना म्हणायला मला त्यातलं काही कळतही नव्हतं. तिच्यावर लिहायला तिचे शिकलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. एकानं लिहून आणलं, मला वाचून दाखवलं. ज्ञानदानाचं व्रत, तेवती ज्योत, असलं काय काय होतं त्यात. मी म्हणलं, ही कोण बाई बाबा, मी हिला ओळखत नाही. म्हणून मंग मीच लिहायला बसलो. चुका असतील. त्या दाखवणारी आता घरात नाही.

तिच्या क्लासला लहान पोरं नसायची. तिच्याकडं यायची ती मधली मंडळी. म्हणजे इंग्रजी थोडंबहुत येतं, वाचता येतं, पण बोलायला तोंड उघडलं की त्याच त्याच चुका. कॉलेजची पोरं, बँकेत लागलेले, दवाखान्यातल्या नर्स. ती म्हणायची, "ज्याला काहीच येत न्हाई त्याला शिकवणं सोपं आहे. ज्याला थोडं येतं त्याची चूक त्याच्या अंगाची झालेली असती, ती त्याला दिसतच न्हाई." बोलणाऱ्याला ती मधेच कधी तोडायची नाही. त्याला पूर्ण बोलू द्यायची, मान हलवत ऐकायची, आणि मंग त्याचंच बोलणं नीट करून परत बोलून दाखवायची. त्याला विचारायची, माझ्यात अन् तुझ्यात फरक काय पडला? तो त्यानं शोधायचा. सापडला की तेवढ्यावर सोडायची नाही. बाहेर ओट्यावर बसलेल्या माझ्याकडं बोट दाखवायची अन् म्हणायची, "जा, काकांकडून तोलून घे."

हे तोलून घेणं म्हणजे असं. आपली चूक काय होती अन् बरोबर काय, ते त्या पोरानं बाहेर येऊन मला मराठीत समजून सांगायचं. मला इंग्रजीचा गंध नाही, म्हणूनच मला नेमलं होतं. मला कळलं तर त्याला कळलं. मला नाही कळलं तर परत आत जायचं, परत बसायचं. मी तिला एकदा म्हणलं, "अगं, इतके शिकलेले लोक सोडून माझ्या डोक्याला ताप कशाला?" ती म्हणाली, "शिकलेला माणूस कळलं न्हाई तरी मान हलवतो. तुम्हाला ते जमत न्हाई." ते मातर खरं आहे. पोरं मला कळावं म्हणून कुठून कुठून दाखले काढायची. एक हमालाचा पोरगा होता, कॉलेजात जाणारा. तो मला म्हणाला, "काका, आय डिड नॉट वेंट म्हणायचं न्हाई. डिड आलं ना, भूतकाळाचं पोतं त्यानं उचललं. मंग मागच्या वेंटनं रिकाम्या हातानं चालायचं, नुसतं गो म्हणायचं. एका पोत्याला दोघं कशाला?" मी म्हणलं, बराबर. दुसरा एक बँकेतला सायब, मला दोन भाऊ आहेत हे सांगायला आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स म्हणायचा. तीन वेळा आत-बाहेर केलं त्यानं. शेवटी वैतागून म्हणाला, "काका, भाऊ असणं हे काही चालू काम न्हाई, जेवण चालू असतं तसं. भाऊ असतो म्हणजे असतो." आतून ही हसली. म्हणाली, "सोडा त्याला."

अशा पोरांतली एक निलोफर. आमच्या मागच्या गल्लीतली, वडील शिलाई करतात, ती एका खासगी दवाखान्यात नर्स. कामात एक नंबर. परमुलखातल्या एका मोठ्या दवाखान्यात तिला नोकरी मिळायची होती, पण मुलाखत इंग्रजीत, फोनवर, समोरासमोर चेहरा दिसणारी. एकदा ती त्यात नापास झाली होती. घाबरली की तिचं इंग्रजी पळून जायचं. त्यांनी अजून एकदा बोलावलं होतं, आणि परत नापास झाली तर तिसऱ्यांदा बोलावत नाहीत म्हणे. घरचे म्हणत होते, ही शेवटची, न्हाई झालं तर निकाह लावून टाकू. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पाण्याच्या त्या दिवशी ती शेवटचं बसायला आल्ती.

तिची एक चूक काही केल्या जात नव्हती. रोग्याला तीन दिवसांपासून ताप आहे, हे ती सांगायची, पेशंट इज हॅविंग फीवर सिन्स थ्री डेज. नर्सला तर हेच दिवसातून पन्नास वेळा सांगायचं. हिनं तिला ऐकवलं, पेशंट हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज. समजावलं, आणि नेहमीसारखं म्हणाली, "जा, काकांकडून तोलून घे." हे तिचं शेवटचं बोलणं. मला तेव्हा काय माहीत… मी ओट्यावर लसूण सोलत बसलो होतो. निलोफर येऊन माझ्यासमोर पायरीवर बसली. म्हणाली, "काका, सिन्स म्हणजे खुंटी. सोमवारपासून म्हणायचं असंल तर सोमवार ही खुंटी, तिथं सिन्स. अन् फॉर म्हणजे…" इतकं बोलली अन् थांबली. तिचं लक्ष माझ्या मागं दारातून आत गेलं. मी म्हणलं, "पुढं बोल की." ती उठली अन् मला ओलांडून आत पळाली.

सुमन भिंतीला टेकून बसलेली होती, जशी रोज बसायची तशीच. मान फक्त एका बाजूला. मला वाटलं डोळा लागला, सकाळपासून पाण्याच्या मागं होती ना. निलोफरनं नाडी बघितली, तिला खाली आडवं केलं आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागली. मोजत होती, दाबत होती, मधेच तोंडानं हवा देत होती. घामानं भिजली पोरगी. मी हातात लसणाची पाकळी धरून उभा. रिक्षा आली, दवाखाना झाला, डॉक्टर म्हणाला आणतानाच संपलेल्या होत्या. मी त्याला म्हणलं, "न्हाई सायब, आत्ता चहा घेतला आम्ही."  

मुलगा पुण्याहून दिवस मावळायच्या आत पोहोचला, उजेडातच सगळं झालं. हसनाबादहून माझी थोरली बहीण गोदाक्का आली. बाया सुमनला हिरवं लुगडं नेसवत होत्या, मळवट भरत होत्या, आणि एकमेकींना सांगत होत्या, भाग्यवान, सवाष्ण गेली. मला त्यात भाग्य कुठं दिसलं नाही. मी आपला सगळ्यांच्या मधे बसून राहिलो. कुणी पाणी दिलं पिलो, कुणी ऊठ म्हणलं उठलो. मसणवाट्यातून परतताना निलोफरचे वडील माझ्याजवळ आले. माझा हात धरला आणि हळू म्हणाले, "भाईसाब, पोरगी घरी एका कोपऱ्यात बसून आहे. म्हणते, मी कशाची नर्स, बाई माझ्या हातात गेल्या. उद्याची मुलाखत देत न्हाई म्हणते. जाऊ द्या, तुमच्यावर इतका डोंगर कोसळला, हे काय सांगायचं. पण ती लई रडती तुमच्यासाठी." मी हूं म्हणलं. तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा, ती जिथं बसायची तिथं दिवा जळत होता. घरात झोपलेली माणसंच माणसं. मी उठून ओट्यावर आलो. कालच्या लसणाची टरफलं तिथंच पडलेली, झाडायचं कुणाला सुचणार? ती बघितली अन् एकदम डोक्यात आलं, फॉर म्हणजे काय, ते पोरीनं सांगितलंच न्हाई. दुसरं काही आलं नाही. दुःख नाही, रडू नाही, एवढंच. आणि मंग वडील काय म्हणले ते आठवलं. मी चपला घातल्या अन् निघालो.

सुतक असलेल्या माणसानं असं उठून दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं, तेही दुसऱ्याच दिवशी. गल्लीत भेटलेल्या माणसांनी तोंडं फिरवली. निलोफरची अम्मी दारात झाडत होती. मला बघून तिच्या हातातला झाडू पडला. "या अल्ला, भाईजान आप? आओ, अंदर आओ." मी पायरीवरच बसलो. म्हणलं, "आत न्हाई येत भाभी, सुतक हाय." ती म्हणाली, "हमारे में ऐसा कुछ नहीं होता भाईजान." म्हणलं, "तुमच्यात नसंल, माझ्यात हाय. पोरीला भायेर पाठवा."

निलोफर आली. डोळे सुजलेले, ओढणी तोंडाला लावलेली. समोर बसली अन् रडायला लागली. "काका, मला जमलं न्हाई काका. रोज करते मी ते, अन् बाईंच्या वेळेस…" मी म्हणलं, "तू दाबत व्हतीस तवा मी निस्ता लसूण धरून उभा व्हतो. माझ्यापरीस तू जास्ती केलं. आता रडू नको. काल खुंटीपत्तुर आल्तीस. पुढं काय?"

तिनं डोळे पुसले. आतून अम्मी म्हणाली, "बोल बेटी, भाईजान पूछ रहे." मंग ती बोलायला लागली, खालमानेनं. फॉर म्हणजे दोरी, किती लांब ती, असं काहीतरी. शब्द माझ्या कानावर पडत होते अन् तसेच खाली सांडत होते. बोलून झाल्यावर तिनं वर बघितलं. मी म्हणलं, "न्हाई कळलं." तिनं परत सांगितलं. परत मी म्हणलं, "न्हाई कळलं." मुद्दाम न्हाई म्हणत होतो असं कुणी समजू नका. त्या सकाळी मला माझं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. तिसऱ्यांदा न्हाई म्हणलं तेव्हा तिला राग आला. राग आला तशी ती सरळ बसली, ओढणी तोंडावरची काढली, हात उगारून बोलायला लागली, जसं वॉर्डात न ऐकणाऱ्या रोग्याला दटावतात तसं. "काका, ध्यान द्या बराबर. पेशंटला ताप कधीपासून, सोमवारपासून. ही खुंटी, ह्याला सिन्स. अन् ताप किती दिवस, तीन दिवस. ही खुंटीपासून आजपर्यंतची दोरी, ह्याला फॉर. दोरीला खुंटी म्हणता का तुम्ही? मंग मी तीन दिवसांना सिन्स का म्हणू?"

मी म्हणलं, "कळलं. आता तोंड धू."

मुलाखतीची वेळ झालीच होती. ती आत गेली, अम्मीनं दाराचा पडदा सोडला. मी पायरीवरच होतो. आतून फोनची घंटी ऐकू आली, मंग कुणा परक्या बाईचा आवाज, मंग निलोफरचा. काय बोलत होती ते मला एक अक्षर कळलं नाही. पण बोलत होती, थांबत नव्हती. मधे ती परकी बाई हसली. मी दचकलो. आज जगात कुणी हसतंय, हेच मला पटेना… जरा वेळानं निलोफरही हसली, थोडीशी. मंग मी उठलो. तिला नोकरी लागली हे मला पुढं चार-सहा दिवसांनी कळलं. त्या सकाळी ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला मी थांबलोही नाही.

घरी आलो तर गोदाक्का दारात कमरेवर हात ठेवून उभी. सगळं घर मला धुंडत होतं म्हणे. मुलगा कुणाची तरी मोटरसायकल घेऊन मला बघायला स्टेशनाकडं गेल्ता. तिनं पायावर पाणी घालायला तांब्या आणला, पण दिला नाही. "बायकोला जाऊन एक दिस न्हाई झाला अन् हे सुतकाचं अंग घेऊन कुठं गेल्तास रे?"

"क्लासला गेल्तो," मी म्हणलं, आणि तिच्या हातातून तांब्या घेतला.