अकरा महिन्यांचं धोरण

मी रंगनाथ, शनिवार पेठेतला. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जातो, भाडेकरार नोंदवून देतो. चहा विचारला तर घेतो. मत कुणी विचारत नाही, तेही देतो.

सोजरबाई खराडीच्या, सत्तरी उलटलेल्या. कधीकाळी त्यांच्या रानात ज्वारी निघायची. मग एका बिल्डरला ‘चार महिने सिमेंट ठेवायला’ म्हणून ते रान दिलं. सिमेंट अजून तिथंच आहे, फक्त चौदा मजले उभं आहे. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. घरावर आठ खोल्या बांधल्या, पण भाडेकरू सख्खा भाचा का असेना, करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना दिला की माणूस मुळं धरतो, हे त्यांचं ठाम मत.

त्यातल्या एका खोलीत झरमीना राहते. काबूलहून इथं कॉलेजात शिकायला आली आणि मागं तिकडचं सरकार बदललं. शिकलेल्या बाईनं तिथं परत जाऊन करायचं काय? म्हणून राहिली. सोजरबाईंची बीपीची गोळी रोज सकाळी तीच आठवणीनं देते.

आता आपल्याकडं आश्रय मागणाऱ्यांसाठी वेगळा कायदाच नाही. तिनं दर वर्षी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात जायचं, एक वर्षाची मुदत वाढवून आणायची. दूरदृष्टी म्हणतात ती हीच, पुढच्या वर्षी बघू! देशाचं धोरण आणि सोजरबाईंचं धोरण यांत फरक काय तो एका महिन्याचा.

यंदा नेमका तोच महिना नडला. कार्यालयात नवे साहेब आले. म्हणाले, मुदत वर्षाची हवी तर करारही पूर्ण वर्षाचा आणा, अकरा महिन्यांचा चालणार नाही. चार दिवसांत आणा, नाहीतर परत जायची तयारी करा. ‘परत’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू हिला नगरची एसटी पकडायची आहे. ऐकून माझं डोकंच फिरलं.

झरमीनानं बाईंकडं काही मागितलं नाही. साहेबांचा कागद पुढं ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी तो वाचून दाखवला.

बाईंनी विचारलं, “म्हंजी हिला ठेवायचं का घालवायचं, ह्ये त्यांचं अजून ठरलंच न्हाय व्हय?”

“ठरवलं तर त्यांना पुढं काम काय उरेल?” मी म्हटलं.

बाई खिडकीतून त्या चौदा मजल्यांकडं बघत बसल्या. आता नाही म्हणणार, असं वाटून मी लॅपटॉप मिटायला घेतला. तेवढ्यात त्यांनी पदराला अंगठा पुसला.

“पाच वर्सं लिही.”

झरमीना तोंड झाकून रडायला लागली. माझंही काही खरं नव्हतं. मशीनची वायर सैल झाल्याचं निमित्त करून मी खाली वाकलो.

दुसऱ्याच दिवशी ती करार घेऊन कार्यालयात गेली. साहेबांनी पान न् पान चाळलं, कागदपत्रं उत्तम आहेत म्हणाले, आणि मुदत दिली सहा महिन्यांची. विषय वर विचाराधीन आहे म्हणे.

हे सांगायला मीच गेलो. बाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

“रंगनाथा,” त्या म्हणाल्या, “ह्ये सरकार कधी माझ्याकडं खोली मागाय आलं ना, तर अकराच म्हयनं लिहायचं.”