बोंगिम मावशीचा हातचा

आमच्या बंदरातल्या प्राथमिक शाळेत बोंगिम मावशी तिसरीत होती. वय बहात्तर. पोरं कमी पडायला लागली, शाळा बंद व्हायची वेळ आली, तेव्हा मुख्याध्यापक न शिकलेल्या म्हाताऱ्यांच्या दारोदार फिरले. बाकीच्या लाजल्या. मावशीने दुसऱ्याच दिवशी गुलाबी दप्तर आणलं आणि शेजारी राहून तिच्याकडे जेवणाऱ्या मला स्कूटर काढायला लावली. चालत गेलं तर पाच मिनिटांची शाळा; पण पहिल्या दिवशी गावाने बघायला हवं ना.

लहानपणी तिला शाळेतून काढलं, कारण पाठीवर तीन भाऊ होते. ते शिकले आणि ती गुल्बी ओवत बसली. गुल्बी म्हणजे खारवून वाळवलेला मासा. आमचं गाव त्यावरच जगतं. दहा मासे गवताच्या दोरीत ओवले की एक माळ, दोन माळा एकत्र बांधल्या की एक कोडी. गुल्बी मागायची ती कोडीनेच. एक माळ मागणारा बाहेरगावचा समजावा. मावशीने जन्मभर कोड्या बांधल्या. नवरा गेला, तेशिक नावाचा मुलगा शहरात नोकरीला लागून बाराव्या मजल्यावर राहायला गेला, तरी तिची बोटं चालूच होती.

आईने शाळेत जाणं तेशिकदादाला पसंत नव्हतं. हापिसात लोक त्याला विचारायचे, आई यंदा कितवीत? त्याचं म्हणणं, शाळेला फक्त डोकी हवी आहेत, ही तिथं शोभेला बसलीय. त्यापेक्षा माझ्याकडे येऊन राहावं. शेवटी पालकांना वर्ग बघायला बोलावतात त्या दिवशी येतो म्हणाला. मावशीने ऐकून घ्यावं की नाही? तर म्हणाली, ये, आणि फळ्यावर मला गुणाकार नाही आला तर घर बंद करून तुझ्याबरोबर येते. अशी पैज लाव असं तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

कारण गुणाकार येत नव्हता. पाढे यायचे, अगदी सुरात, मासे ओवता ओवता म्हणायची. बेरीज तर माझ्यापेक्षा पक्की. तरी २४७ गुणिले ६ दिलं की १३६२ लिहायची. उत्तर १४८२. वर्गाच्या प्यो बाईंनी पुन्हा पुन्हा समजावलं. मीही शिकवायला बसलो, तर दोन संध्याकाळींतच मावशीने मला हाकललं. म्हणे तू समजावलंस की येत होतं तेही जातं. वर्गात हारिम नावाची एक चुरचुरीत पोरगी होती. ती रोज विचारायची, आजी, पाढे पाठ आणि गणित चूक, हे जमवता कसं तुम्ही?

तो दिवस आला. मागच्या भिंतीला तरुण आया उभ्या, आणि त्यांच्यात पन्नाशीचा, टाय लावलेला तेशिकदादा. एका बाईने त्याला विचारलं, तुमचं मूल कोणतं? त्याने बोटाने आई दाखवली. मी दाराशी उभा होतो. हसू येत होतं, पण धास्तीही होती. मावशी गेली तर मी जेवायला कुणाकडे जाणार?

प्यो बाईंनी फळ्यावर ७३८ गुणिले ७ मांडलं. पालक आले की मुलांनी मोठ्याने बोलत गणित सोडवायचं, अशी पद्धत. तोवर मावशी सगळं मनातल्या मनात करत आली होती. ती खडू घेऊन पुढे झाली आणि बोलू लागली.

“सात आठे छप्पन. म्हणजे दोन कोड्या, आणि उरले सोळा.”

आणि थांबली. एककाच्या घरात सोळा मावेनात. प्यो बाईंचा हात आपसूक कपाळाला गेला. मलाही तेव्हाच उमगलं. बाई शिकवायच्या दहाचा हातचा, आणि मावशी धरत होती विसाचा. बेचाळीस आले की दोन कोड्या, म्हणून हातचे दोन. इतके दिवस.

मागे तेशिकदादाने घड्याळ बघितलं. बाईंना उत्तर सांगायची मुभा नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, “आजी, ते सोळा बंदरावर कसे ठेवाल?”

“एक माळ, सहा सुटे. हे काय विचारणं झालं?” मावशी म्हणाली. मग फळ्याकडे वळली. हारिम बाकावर अर्धी उभी राहिली होती.

“कोडी गिऱ्हाइकासाठी बांधतात,” मावशी हळूच म्हणाली. “इथं कुठे कोण घ्यायला आलंय? सोडून टाकते.” तिने दोन बोटांनी हवेत गाठ सोडल्यासारखं केलं. “पाच माळा, सहा सुटे.” सहा लिहिले, वर हातचे पाच. सात त्रिक एकवीस आणि पाच सव्वीस, म्हणजे दोन माळा, सहा सुटे. साती साती एकोणपन्नास आणि दोन एक्कावन्न. ५१६६.

टाळ्या आयांनी आधी वाजवल्या. मी दाराची चौकट इतका वेळ घट्ट धरली होती, हे ती सोडल्यावर कळलं. प्यो बाई खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्यांचाही जीव भांड्यात पडला असणार, कारण आजीला काय कळत नाही हेच त्यांना कळत नव्हतं.

बाहेर आल्यावर मावशीने मुलाला विचारलं, “मग? निघायचं?”

“कुठे निघतेस?” तेशिकदादा म्हणाला. “उद्या शाळा नाही का तुला?” आणि लगेच, आपण फार मऊ झालो असं वाटून असेल, पुढे म्हणाला, “अक्षर मात्र फार वाकडं आहे, आई. तुझा एक सातासारखा दिसतो.”

मावशीने त्याला जेवायला वाढलं तेव्हा सगळ्यात मोठा मासा त्याच्या ताटात ठेवला. मला शेपटी आली. मी तक्रार केली नाही.