मंजुळेनं फाटकावर घेतलेलं नाव

आमच्या बाळकुमच्या कोळीवाड्यात मंजुळा वैती म्हणजे साऱ्या तान्ह्यांची आई. बायका मासळीच्या पाट्या घेऊन ठाण्याच्या बाजाराला निघाल्या, की त्यांची पोरं हिच्या मांडीवर. हिच्या स्वतःच्या घरात मात्र पाळणा हलला नव्हता.

छप्पन साली ठाण्याला नवा कारखाना उभा राहिला. कामकरी बायकांच्या मुलांसाठी तिथं पाळणाघर निघायचं होतं. मंजुळेनं अर्ज केला, आणि भेटीचं बोलावणं आलं की! त्या सकाळी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, अंबाड्यात अबोली माळली. नवरा कान्हा जाळं तसंच टाकून सोबत निघाला.

फाटकावर पहारेकरी काळुराम, पलटणीतून परतलेला, मिशीला पीळ. आदल्याच दिवशी कोणी एक बाई जावेला आलेलं बोलावण्याचं पत्र दाखवून आत शिरली होती. तेव्हापासून नियम कडक. पत्र पहारेकऱ्याच्या हातात द्यायचं आणि आपलं पूर्ण नाव आपल्या तोंडानं सांगायचं.

"बोला बाई, नाव?"

"मंजुळा."

"पुढं?"

पुढं नवऱ्याचं नाव. ते आमच्याकडं कुठली बायको असं सहज उच्चारते?

"कागदावर हाय की, दादा."

"कागदावरचं मला दिसतंय. तुम्हाला ठाऊक हाय का ते बघायचंय. का तुम्ही पण जावेचं पत्र आणलंय?"

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. रस्त्यापलीकडून कान्हा ओरडला, "अवो, मीच तो! तिचा नवरा!"

"नोकरी तुम्हाला हवीय का? नाही ना? मग गप उभे राहा!"

आत घंटा झाली. साहेब एकेकीला पुकारू लागले. आता परत फिरायचं? आणि एकदम मंजुळेला आठवलं, लग्नात नणंदेनं असंच दार अडवलं होतं! तिनं पदर सावरला, मान वर केली.

"दार अडवलंत ना नणंदबाय, मग ऐका!

भरती आली खाडीला, होडीवर चढली लाट,
कान्हा वैत्यांचं नाव घेते, सोडा माझी वाट!"

बायकांनी एकच गलका केला. कान्हानं डोक्यावरची टोपी तोंडावर ओढली. काळुराम मिशीतल्या मिशीत हसला आणि फाटक उघडलं. "जा बाई, पटली ओळख!"

मंजुळा धावतच आत गेली. नोकरी मिळाली, आणि पाळणाघरातला पहिला पाळणा तिनंच टांगला.

कामाच्या दुसऱ्या सकाळी काळुराम पुन्हा आडवा. "नवीन नाव घ्या, मग आत."

"रोज कुठलं नवीन, नणंदबाय? सरका, माझी पोरं रडतायत!"