सोडलेलं पांढरं

पोस्टात नोकरीला असलेले एक गृहस्थ रोज सकाळी उदगीरच्या आमच्या किराणा दुकानासमोर बाकावर बसायचे आणि काळ्या शाईनं दिसेल ते काढायचे. निब चालते का ते डाव्या अंगठ्याच्या नखावर बघायचे, त्यामुळं नख कायम काळं. खोडरबर त्यांना चालायचं नाही. चित्र झालं की फोटो स्टेटसला, आणि वर मलाच विचारणार, "बघितलं का न्हाई?"

एकदा त्यांनी गल्ल्यावर बसलेल्या माझ्या वडिलांना काढलं. वडील बघून चिडले. "माझ्या कपाळावरची इबूत कुठं हाय?"

"आप्पा, पांढरं काढता येत न्हाई. सोडावं लागतंय." असं म्हणून त्यांनी कपाळ रेघांनी काळं केलं. मधे विभूतीचे तीन आडवे पट्टे कोरे राहिले. वडील खूश.

पुढं वडील गेले. हे गृहस्थ भेटायलाही आले नाहीत, याचा मला रागच होता. पंधरा दिवसांनी दुकान उघडलं, त्या सकाळी त्यांचं स्टेटस दिसलं. पोती, तराजू, बरण्या, मागची भिंत, सगळं गच्च काळं. गल्ल्यावर माणसाएवढी जागा तेवढी कोरी.

मी मोबाइल आईला दाखवला.

ती म्हणाली, "हे बसलेत की."