तीन नवी यंत्रं आणि एक जुनं

फिटरचा खोक्यावर विश्वास नव्हता. खोक्यावर काहीही छापलेलं असो, बॅटरी पाच तास चालते, पडदा उन्हातही स्वच्छ दिसतो, तो ते एकदा वाचायचा आणि खोकं पालथं घालायचा. गाड्यांना हॉर्न, टेप, सीटची कव्हरं आणि मागचे कॅमेरे बसवण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती, आणि एवढ्या वर्षांत खोकं खरं बोललेलं त्याने पाहिलं नव्हतं. दुकानात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. मालक फिटर म्हणायचा, गिऱ्हाइकंही फिटर म्हणायची, आणि घरी हाक मारायला कुणी उरलं नव्हतं.

गाडीच्या काचेला चिकटवायची, रस्ता दाखवणारी यंत्रं दुकानात आली तेव्हा मालकाने तीन निरनिराळ्या कंपन्यांचे तीन नग त्याच्या पुढ्यात ठेवले. काउंटरमागे लावायला एक तक्ता हवा होता. कुठल्यात काय आहे, कुठल्यात काय नाही, कुणी कुठलं घ्यावं. मालकाच्या मते हे अर्ध्या तासाचं काम होतं, खोक्यांवरचं बघून उतरवून काढायचं. फिटरने दुकानाच्या व्हॅनची किल्ली मागितली. मालक कुरकुरला, पण किल्ली दिली. याला नाही म्हटल्यावर हा माणूस काय करतो ते त्याला ठाऊक होतं: तोंडाने काही बोलत नाही, पण दिवसभर पाने आपटत बसतो.

फिटरची परीक्षेची पद्धत स्वतःची होती. सात थांब्यांचा एक फेरा त्याने ठरवला, वेळही ठरवली, आणि रोज एक यंत्र काचेला लावून तोच फेरा मारला. गंमत पुढे आहे. यंत्राने डावीकडे सांगितलं की हा मुद्दाम उजवीकडे वळायचा. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत सेकंद मोजायचा, यंत्राला चूक कळायला किती लागतात आणि नवा रस्ता शोधायला किती. माणूस बरोबर असताना त्याची पारख होत नाही, तो चुकला की होते, असं त्याचं मत होतं. यंत्राचंही तेच.

काळ्या यंत्राचा पडदा तळहाताएवढा, अक्षरं मोठी, म्हाताऱ्यांच्या सोयीची. पण काचेला धरून ठेवणारी त्याची रबरी वाटी कुचकामी. प्रत्येक गतिरोधकावर ते सुटायचं आणि गिअरपाशी पडून तिथूनच रस्ता सांगत राहायचं. चपटं यंत्र दिसायला देखणं, खिशात मावणारं. मोकळ्यावर चाळीस सेकंदांत उपग्रह पकडायचं आणि उंच इमारतींच्या मध्ये शिरलं की नवऱ्या मुलासारखं गप्प. लाल काठाचं त्यातल्या त्यात हुशार. चौक यायच्या आधी कुठल्या रांगेत राहायचं तेही सांगायचं, चार्जर काढला तरी साडेतीन तास टिकायचं, नवा रस्ता सहा सेकंदांत. त्याची एकच खोड होती. चुकलात की ते दर दहा सेकंदांनी त्याच शांत आवाजात म्हणायचं, शक्य असेल तेव्हा मागे वळा.

त्याच्या फेऱ्यात फिटर त्याच्याशी भांडायला लागला. शक्य असतं तर वळलो नसतो का, असं तो सिग्नलला उभा असताना म्हणाला, आणि शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघितल्यावर त्याने काच वर केली. घरात तीन वर्षं कुणाशी बोलायची सवय नसलेल्या माणसाला भांडायला कुणीतरी मिळालं होतं.

सातवा थांबा मात्र परीक्षेसाठी नव्हता. सातवा थांबा त्याचं स्वतःचं घर होतं.

मोठ्या रस्त्यावरून गोदामांच्या भिंतीला लागून एक उतार खाली जातो. उताराच्या तळाशी सार्वजनिक नळ, नळापासून चाळीस पावलांवर त्याच्या दोन खोल्या. अशा दोनशे घरांची ती वस्ती. तिन्ही यंत्रांत तिथे नुसता करडा डाग होता. काळं म्हणालं, रस्ता संपला. चपटं गप्पच. लाल काठाचं म्हणालं, मागे वळा. दोनशे घरं, चाळीस वर्षं, आणि रस्ता संपला! ज्या वस्तीत विजेचं बिल एक दिवस उशिरा येत नाही, मतं मागायला आलेला माणूस जिथे अंधारातही दार चुकत नाही, ती वस्ती नकाशावाल्यांना सापडत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पूर्वीही होते, आता ते आकाशातून हाकतात एवढाच फरक. फिटरने तक्त्यात तिन्ही रकान्यांखाली एकच शब्द लिहिला, 'आंधळं', आणि पेन्सिलचं टोक मोडलं.

एवढा राग यायला कारण होतं. त्याला एक यंत्र हवं होतं, जे त्याच्या मुलीला त्याच्या दारापर्यंत आणेल.

बायको गेली त्याच्या तेराव्या दिवशी मुलीने आईचं शिलाई मशीन उचलून शेजारणीला दिलं होतं. त्याला न विचारता. संध्याकाळी रिकामा कोपरा बघून फिटरचं डोकं फिरलं. भरल्या घरात तो म्हणाला, माझ्या घरातल्या वस्तू वाटायला आली असशील तर आत्ताच्या आत्ता चालती हो. ती चालती झाली. अडीच तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात तिचं घर होतं. पुढे दोन महिन्यांनी शेजारणीकडूनच कळलं की मशीन तिला द्यायचं हे बायकोने स्वतःच आजारपणात मुलीला सांगून ठेवलं होतं. फिटरला चूक कळायला दोन महिने लागले. नवा रस्ता शोधायला किती लागणार, ते घड्याळ सांगत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही अजून धड होता.

मागच्या वर्षी मेहुणा सांगत आला होता की भाची येऊन गेली, पण तिच्या गाडीतल्या यंत्राला गल्लीच सापडेना, गरगर फिरली आणि परत गेली. फिटर तेव्हा हसला होता. टपालवाल्याला सापडते ती गल्ली जन्मापासून तिथे वाढलेल्या मुलीला सापडत नाही म्हणजे तो बहाणा, असं त्याने मेहुण्याला सुनावलं. पण रात्रंदिवस तेच डोक्यात. बहाणा तर बहाणा. तो हिरावून घेता येईल असं यंत्र मिळालं, तर मग बघू ती काय म्हणते.

गुरुवारी मेहुणा दुकानात आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक जुनं यंत्र, कडा झिजलेली.

"भाऊजी, भाचीचं आहे. सारखं बंद पडतं म्हणाली. नवं घ्यायचं तर कुठलं घेऊ, ते अप्पांना विचार म्हणाली."

"अप्पांना?"

"हो. मी म्हटलं, दुकानात जाऊन विचार की. तर म्हणे, दुकानदार विकायचं ते सांगतात, अप्पा खरं ते सांगतात."

 फिटरने यंत्र घेतलं, पाठ फिरवली आणि स्क्रू काढायला बसला. चार्जरच्या खाचेचं डाखण, सोल्डरिंग, सुटलं होतं, बाकी काही नाही. दहा मिनिटांचं काम त्याने पाऊण तास केलं.

शनिवारी ते चौथं यंत्र काचेला लावून तो सात थांब्यांवर निघाला. पडदा बारका, नवा रस्ता शोधायला पंधरा सेकंद, चौकातल्या रांगांचा पत्ता नाही. पण नव्या तिघांत नसलेली एक गोष्ट त्यात होती. गाडी जिथून गेली तिथे ते निळे ठिपके टाकत जायचं, आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की तारीख आणि वेळ दाखवायचं. मुलगी गाडी क्वचित बाहेर काढायची, त्यामुळे जुने माग पुसले गेले नव्हते. मंडई, दवाखाना, पुन्हा मंडई. आणि एक लांबलचक माग, शहराबाहेर पडलेला, या शहरात शिरलेला.

व्हॅन उताराच्या तोंडाशी आली तेव्हा पडद्यावर करडा डाग सुरू झाला. या यंत्रालाही गल्ली ठाऊक नव्हती. पण निळे ठिपके करड्यावरून तसेच पुढे गेलेले होते. रस्ता नसलेल्या जागेतून, एकही वळण न चुकता, नळापर्यंत. तिथे ते थांबले होते. मागच्या वर्षीचा रविवार, चार वाजून दहा मिनिटं ते चार एकतीस. एकवीस मिनिटं. मग आल्या वाटेने परत.

फिटरने व्हॅन नळापाशी उभी केली, त्याच ठिपक्यावर. समोर चाळीस पावलांवर त्याचं दार स्पष्ट दिसत होतं. रविवारी चार वाजता तो दारात खुर्ची टाकून बसतो, वर्षानुवर्षं. मांडीवर कुणाचा तरी रेडिओ उघडलेला असतो आणि मान खाली.

नळाला लागूनच शेजारणीची खिडकी. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मशीन दिल्यापासून फिटर त्या खिडकीकडे बघत नसे. आज तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मशीन थांबलं.

"मागच्या वर्षी मुलगी इथे आली होती?"

शेजारीण त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, कुणाला भीक न घालणारी बाई. तिने चष्मा कपाळावर चढवला.

"आली होती. इथेच गाडी लावली होती, तुम्ही उभे आहात तिथे. मी म्हटलं, अगं जा की, समोर तर बसलाय. तर म्हणाली, मावशी, आधी तोंड बघू दे. राग आहे का गेला, ते तोंडावरून कळतं मला."

"मग?"

"मग काय, तुम्ही मान वर केलीच नाही. एवढा वेळ ती बघत बसली आणि तुम्ही तो रेडिओ कोरत बसलात. मला शपथ घालून गेली, सांगू नको म्हणून."

"तुम्ही आज सांगताय."

"तुम्ही आज विचारताय," ती म्हणाली आणि चष्मा खाली घेऊन पुन्हा मशीन चालवायला लागली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फिटरने धुतलेला शर्ट घातला. यंत्रात 'घर' असं एक बटण होतं. ते मुलीचं घर. तिथला पत्ता त्याने कधी मागितला नव्हता, आणि कुणी आपणहून दिला तर तो घेणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने बटण दाबलं. अडीच तास तो यंत्र सांगेल तसा गेला. डावीकडे म्हटलं की डावीकडे. एकदाही मुद्दाम चुकला नाही. काय बोलायचं ते त्याने वाटेत तयार केलं, चार वाक्यं होती, पेट्रोलपंपावर त्यातली दोन गाळली, टोलनाक्यावर आणखी एक. 'मशीनचं माझं चुकलं', एवढं उरलं.

तीन मजली इमारत, तळमजल्याला छोटा व्हरांडा. व्हरांड्यात मुलगी पाठमोरी बसून कुंडीतली माती उकरत होती. केस आईसारखेच, अर्धवट सुटलेले. यंत्र मोठ्याने म्हणालं, तुम्ही मुक्कामी पोचला आहात. काच बंद होती. तिला ऐकू गेलं नाही.

फिटरने हात दाराच्या खटक्यावर ठेवला आणि ती मान वर करेल म्हणून थांबला. तिने एक कुंडी संपवली, दुसरी ओढली. माणूस कामात असला की मागे कोण उभं आहे ते त्याला कळत नाही, हे फिटरइतकं कुणाला ठाऊक असणार! हाक मारली की झालं, एवढंच होतं. पण एकतीस वर्षं गाड्यांचे हॉर्न बसवणाऱ्या माणसाला तेवढं जमेना, आणि हॉर्न वाजवून पोटच्या पोरीला कसं बोलावणार? मागून एक टेम्पो आला. गल्ली अरुंद. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा शिवी. फिटरने गाडी पुढे घेतली, कोपऱ्यापर्यंत, मग कोपऱ्यापलीकडे. हॉर्नच्या आवाजाने तिने मान वर केली असेलही. तोवर व्हॅन वळली होती.

हे जुनं यंत्रही म्हणालं, शक्य असेल तेव्हा मागे वळा. फिटर सरळ पुढे जात राहिला.

सोमवारी त्याने तक्ता पुरा केला. मालकाच्या प्रतीवर तीन रकाने: काळं म्हाताऱ्यांना, चपटं मोकळ्या गावच्या माणसाला, लाल काठाचं बाकी सगळ्यांना. जुन्या यंत्राबरोबर मेहुण्याच्या हाती दिलेल्या प्रतीवर चौथा रकाना होता. त्यात लिहिलं होतं: 'पडदा लहान. हळू चालतं. बंद पडायचं कारण डाखण, ते मी पक्कं केलं आहे. नवं घेऊ नकोस. नवी तिन्ही माग ठेवत नाहीत, हे ठेवतं. पुसायच्या आधी एकदा शेवटचा, या रविवारचा माग बघ.' खाली सही करायची का याचा त्याने बराच वेळ विचार केला आणि शेवटी 'अप्पा' लिहिलं.

मेहुण्याने विचारलं, आणखी काही निरोप? फिटर म्हणाला, सगळं त्यात आहे.

पुढच्या रविवारी चार वाजता त्याने दारात खुर्ची टाकली. शेजारच्या कुणाचा तरी बिघडलेला पंखा दुरुस्तीला आला होता, तो आतच राहू दिला. हात मांडीवर रिकामे, त्यांचं काय करावं ते सुचेना. शेजारणीचं मशीन अधूनमधून थांबत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं. नळापाशी कुणी नव्हतं. फिटर मान वर करून तिकडे बघत बसला.