सही न विकणारे साहेब

साहेबांना राग आला की ते गप्प बसून पेन्सिलीला टोक काढायचे. मंचरला खतांच्या दुकानाच्या वर त्यांचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं. कुणी भलत्यानंच काढलेला नकाशा आणून 'फक्त सही द्या' म्हणालं, की टोक काढणं सुरू. समोरचा बसून बसून कंटाळायचा आणि उठून जायचा. अशा सह्या तालुक्यात मागाल तिथं मिळतात. साहेबांची मात्र कुणाला मिळाली नाही.

मी गवंडी, चौथी नापास. त्यांच्या हाताखाली काम केलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्याबरोबर केलं. आमचं पटायचं नाही. घर बांधायच्या जागेवर बसून डबा खाल्ल्याशिवाय ते कागदावर रेघ ओढायचे नाहीत. आहुपे गावातल्या एका घरासाठी तर डब्यावर डबे झाले. मी वैतागून म्हणालो, "सायेब, घर बांधायचंय का पंगत घालायचीय?"

ते म्हणाले, "मिस्त्री, उद्या भिंत पडली तर तुम्ही म्हणाल, साहेबांनी काढून दिलं तसं बांधलं. मी कुणाकडं बोट दाखवू?"

मग आर्किटेक्टांचा कायदा बदलणार अशी बातमी आली. नकाशावर नोंदणी झालेल्या आर्किटेक्टचीच सही पाहिजे असं नाही, दुसऱ्या कुणाचीही चालेल, असं त्या मसुद्यात होतं म्हणे. साहेबांनी हरकत लिहिली आणि जुन्नर-आंबेगावात गावोगाव सह्या गोळा करत फिरले. माझ्याकडंही आले. मी तोंडावर सांगितलं, "ह्यात आमचा फायदा हाय, लोक थेट गवंड्याकडंच येतील. मी न्हाई सही करणार."

त्यांनी कागद घडी करून पिशवीत घातला. "बरोबर आहे तुमचं. पटल्याशिवाय करूच नका." चहा घेतला आणि गेले. कितीतरी जण नुसत्या भिडेखातर सही करायला तयार होते. तसल्या सह्या त्यांनी घेतल्याच नाहीत. पिशवी हलकीच राहिली.

पुण्याला सुनावणी लागली. ते एकटेच निघालेले बघून मी आपणहून एसटीत त्यांच्या शेजारी बसलो. तिथं ते बोलायला उभे राहिले, तर अधिकारी सारखा घड्याळ बघायला लागला. मला राहवलं नाही. उठून म्हणालो, "मी ह्यांच्या इरोधात हाय. पण ह्यांचं पुरतं ऐकून घ्या की राव!"

सगळे हसले. साहेब नाही हसले. परतताना एसटी खेडला थांबली. तेव्हा ते म्हणाले, "तुमच्यामुळं शेवटचं वाक्य तरी पुरं करता आलं, मिस्त्री."

कायदा काही झाला नाही. अजून झालेला नाही. पण बातमी गावोगाव पोचली होती. 'आता आर्किटेक्ट कशाला? थोडं थांबू,' असं म्हणत लोकांनी घरं लांबणीवर टाकली. साहेबांचा जिना ओस पडला. तो कायदा आमच्या फायद्याचाच होता, हे मी आजही म्हणतो. पण असला फायदा मी मागितला नव्हता.

शेवटी ते मुलाकडं नाशिकला गेले आणि तिथंच वारले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. माझ्यापुरता त्यांचा निरोप झाला तो त्याआधीच, ऑफिसची पाटी उतरवायला त्यांनी मला बोलावलं त्या दिवशी. मी स्टुलावर चढून स्क्रू काढत होतो, ते खालून पाटीला हात लावून उभे होते. इतक्यात महाळुंगे पडवळ गावचा एक जण जिना चढून आला.

"राम राम सायेब. त्यो कायदा झाला का वो? घर आडून बसलंय."

"नाही झाला."

"मंग थांबतो अजून. तुमची फी तरी वाचंल."

मी वरून त्याला शिवी हासडणार होतो. पण साहेबांनीच विचारलं, "जागा कशी आहे? उताराची?"

"लई उतार हाय."

"मग पाया खणायच्या आधी वरचं पाणी कुठून उतरतं ते बघून ठेवा. तिथं भिंत घेऊ नका."

तो मान डोलवून खाली गेला. साहेबांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली. मी सिमेंट कालवलं आणि स्क्रूची भोकं बुजवायला घेतली.